दुसऱ्या तुकडीची वेळ

दुसरी तुकडी तपासायला शिक्षण खात्याची माणसं आली, तेव्हा त्यांच्यासाठी दुपारची वेळ मी निवडली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. प्राचार्यांना वाटलं, मी सहज बोललो. ज्याचं त्यात नुकसान झालं, त्याला मी सांगितलं की साहेबांनीच दुपार मागितली आहे. बायकोला एवढंच माहीत आहे की गेली काही वर्षं मी जेवतानासुद्धा मध्येच उठून खिडकीशी जातो.

वेळ सांगणं हा काही गुन्हा नाही. म्हणूनच ते खपून गेलं. पण भिवंडीत त्या वर्षांत वेळ सांगणं म्हणजे काय होतं, हे कळायला थोडं मागून सांगावं लागेल.

आमच्या कॉलेजच्या तिन्ही बाजूंना यंत्रमागांचे गाळे आहेत. नवा प्राध्यापक वर्गात शिरला की आधी खिडक्या लावून घेतो. मग उकाड्याने घामाघूम होतो आणि दोन दिवसांत उघडतो. आम्ही जुने लोक मागांच्या खटखटीवर आवाज चढवून शिकवतो. मी अर्थशास्त्र शिकवतो. घरी बायको म्हणते, "हळू बोला, समोर फळा नाहीये."

मी लागलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. विभागात तीन पूर्णवेळ माणसं होती आणि चौथी जागा कधीची रिकामी होती. जाहिरात निघायची, माणूस मिळायचा नाही. प्राध्यापक व्हायला नेट-सेटची परीक्षा पास हवी, हा नियम तेव्हा नवा होता, आणि पास झालेला माणूस भिवंडीला यायला तयार नसायचा. मला ती परीक्षा पास नसताना घेतलं. मुलाखतीत मला विचारलेला मुख्य प्रश्न होता, "उद्यापासून याल का?" मी कशेळीच्या बाजूचा, चालत आलो असतो. परीक्षा पुढे पास व्हा, म्हणाले. मी दोनदा बसलो, दोनदा राहिलो. मग बसणंच सोडलं. नोकरी टिकली, पण अंगावर बेताचा झालेला सदरा घालून वावरावं तसा मी स्टाफरूममध्ये वावरलो. कोणी नुसतं "नेट" म्हटलं की माझी मान आपोआप पेपरात जायची.

मग माणसं कमी व्हायला लागली. विभागप्रमुख निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. आमच्यातल्या एक बाई होत्या, त्यांनी मुलाच्या आजारपणामुळे मुदतीआधी नोकरी सोडली. तीही जागा तशीच राहिली. तिसरे पुण्याला बदली मिळवून गेले. प्रत्येक वेळी वरून एकच उत्तर यायचं, सध्या भरती बंद आहे. मुलं मात्र वाढत होती. मागावर बसणाऱ्यांची, दुकानवाल्यांची, शेतं विकून रिकाम्या झालेल्या घरांतली मुलं पहिल्यांदाच कॉलेजात येत होती. त्यांना शिकवायला तासावरची माणसं घ्यायची. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टी लागली की काही नाही, जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर. तासिका तत्त्वावर, असं त्याला कागदावर भारदस्त नाव होतं.

दरवर्षी कॉलेजच्या अंकासाठी आम्हा सगळ्यांचा एक फोटो निघतो. पूर्णवेळ लोक खुर्च्यांवर, तासावरचे मागे उभे. फोटोग्राफर गावातलाच, जुना. एका वर्षी त्याने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, "सर, बीच में खाली दिख रहा है. किसी को और बुलाओ ना." तेव्हापासून खुर्च्या कमी ठेवायच्या, जवळ जवळ मांडायच्या आणि मागे उभ्यांची रांग लांबवायची, ही पद्धतच पडली. ते सगळे अंक कोणी आज समोर मांडून बसलं, तर त्याला वाटेल, या कॉलेजात प्राध्यापक कधी कमी झालेच नाहीत. चौकट दर वर्षी भरलेली आहे.

त्या मागच्या रांगेत एका वर्षी तो उभा राहिला.

तो माझाच विद्यार्थी. अकलोलीचा. वडील सरकारी आरोग्य केंद्रात कंपाउंडर होते. एम.ए. करून पहिल्याच फटक्यात नेट पास झाला आणि शिकवायचं तर आपल्याच कॉलेजात, म्हणून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला आनंद झाला होता. हे खोटं नाही. त्याला पहिला खडूचा डबा मी दिला. आमच्या वेळी जागा होत्या आणि माणसं नव्हती. त्याच्या वेळी त्याच्यासारखे परीक्षा पास झालेले कितीतरी, आणि जागा नव्हती. हा फरक मला कळत होता. त्यात मी कुठे बसतो, तेही कळत होतं.

त्याच्याकडे दुसरी तुकडी दिली. ती नावालाच होती. प्रवेश सगळ्यांनी घेतलेले, पण वर्गात चार-दोन टाळकी. कारण साधं होतं. मुलं मागावर असायची. कोणी बापाच्या हाताखाली, कोणी मालकाच्या गाळ्यात कांड्या भरायला. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याची कांडी संपली की माग थांबतो, म्हणून कांड्या भरणारं कोणीतरी सारखं लागतं. वीज आहे तोवर माग चालतो, माग चालतोय तोवर मुलगा सुटत नाही.

पण त्या वर्षांत वीज रोज जायची. तासन्‌तास. भारनियमनाचं वेळापत्रक ठरलेलं असायचं, भागवार. त्याने काय केलं, ते वेळापत्रक आणून स्टाफरूमच्या कपाटाला आतून चिकटवलं आणि दुसऱ्या तुकडीचे तास बरोब्बर लाइट नसेल त्या वेळात लावून घेतले. मी म्हटलं, "अरे, अंधारात शिकवणार?"

"सर, अंधारात का होईना, समोर पोरं असतील," तो म्हणाला. "आता नुसत्या उजेडाला शिकवतो मी."

दोन आठवड्यांत वर्ग भरला. माग थांबले की गल्लीतून मुलं यायची, केसांत कापसाची पिंज घेऊन. पंखा नाही, दिवा नाही, दार सताड उघडं. आजूबाजूला इतकी शांतता की त्याला आवाज चढवावा लागायचा नाही. मी बाहेरून जाताना थांबायचो. त्या शांततेत त्याचं शिकवणं मला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. आणि मध्येच लाइट आली, पहिला माग खडखडला, की मागच्या बाकावरून कोणीतरी उठायचं, "सर, लाइट आ गयी. सेठ चिल्लाएगा." तो म्हणायचा, "जा. पण व्याख्या पाठ करत जा. मागावर तोंड रिकामंच असतं तुमचं." मुलं हसत पळायची.

आमच्याकडे नियम असा, की वर्गात ठरावीक मर्यादेच्या वर मुलं गेली की दुसरी तुकडी मंजूर होते. ती खरोखर चालत असेल तर विभागाचे तास वाढतात, आणि तेवढे वाढले की एक पूर्णवेळ जागा मागता येते. त्या वर्षी भरतीचं बंद दार जरा किलकिलं झालं होतं. मात्र पटावरची मुलं प्रत्यक्ष बसतात का, हे खात्याची माणसं येऊन बघणार होती. वर्ग भरलेला दिसला तर जागा. जागा आली तर ती त्याची, यात कोणाला शंका नव्हती.

स्टाफरूममध्ये तेच बोलणं. कॉमर्सचे एक सर, चेष्टेखोर, मला म्हणाले, "चला, तुम्हाला जोडीदार येणार. तोही नेटवाला. आता सकाळी नमस्कार कोणी कोणाला करायचा, ते एकदा ठरवून घ्या."

सगळे हसले. मीही हसलो.

दुसरे एक जण कप खाली ठेवत म्हणाले, "आरक्षणाचं रोस्टर बघितलंत का? बिंदू त्यांचाच आहे. म्हणजे यायच्या आधीच वाटली जागा." यावर कोणी हसलं नाही. मी बशीतला चहा प्यालो. तो बौद्ध, मी इथला जमीनवाला. माझ्या वागण्यात त्याच्या जातीचा काही संबंध नव्हता, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. मला भीती होती ती त्याच्या परीक्षेची. पण त्या दिवशी मी बोललो नाही, आणि ते न बोलणं मला किती सोपं गेलं, ते आठवतं. तेव्हा संबंध नव्हता असं लिहून मला मोकळं होता येणार नाही.

त्याच दिवशी प्राचार्यांनी बोलावलं.

"खात्याचे दोघं येतायत उद्या. तुमची दुसरी तुकडी बघायला. सकाळी दाखवू की दुपारी? त्यांना दोन्ही चालतंय."

त्या आठवड्यात आमच्या भागातली वीज सकाळची जात होती. दुपारी माग चालू. कपाटाच्या दाराला आतून ते वेळापत्रक होतं आणि मी सकाळीच कपाट उघडलं होतं. मी 'सकाळी' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "दुपारी बरं पडेल. सकाळी वर्गात काळोख. पाहुण्यांना बसवायचं कसं?"

"हां, तेही खरंच," प्राचार्य म्हणाले, आणि फोन उचलला.

तो मला जिन्यात भेटला. मी थांबलो नाही, उतरता उतरता सांगितलं, "उद्या दुपारी येतायत. तुझी तुकडी बघायला."

तो माझ्याबरोबर दोन पायऱ्या खाली आला. "दुपारी? सर, दुपारी तर लाइट असते."

"साहेबांनी तीच वेळ दिलीय."

"सकाळची मागून बघता का? सकाळी वर्ग भरलेला दिसेल त्यांना."

"आता कसं मागणार? वरून आलंय."

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. संशयाने नव्हे. मी थकलेला दिसलो असेन. म्हणाला, "चालेल सर. मी बघतो पोरांचं. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

त्या संध्याकाळी तो गल्ल्यांतून फिरला. हे मला नंतर मुलांकडून कळलं. गाळ्यागाळ्यात जाऊन, मागांच्या आवाजात ओरडून, एकेका मालकाला सांगत होता, "चाचा, कल दोपहर एक घंटा छोड दो लडके को." एका मालकाने विचारलं म्हणे, "एक घंटा मेरा लूम कौन चलाएगा मास्टर, तू?" तो म्हणाला, "सिखा दो, परसों से आता हूँ." मालक हसला, पण मुलाला सोडायचं कबूल काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टाफरूममध्ये होतो. माझा तास नव्हता. पेपर उघडला, मिटला, पाणी प्यायला उठलो, परत बसलो. बाहेर सगळे माग जोरात. वर्ग समोरच होता, व्हरांड्यापलीकडे. खात्याचे दोघं मागच्या बाकावर बसले होते. एक वयस्क गृहस्थ, खांद्याला कापडी पिशवी, आणि एक बाई. पुढे मुलं होती ती सगळी मिळून बाकांच्या दोन ओळी भरत नव्हती. तो शिकवत होता. श्रमाची मागणी हा भाग होता. फळ्यावर रेघ काढताना त्याची पाठ माझ्याकडे होती आणि शर्ट घामाने चिकटला होता. त्याने नवा शर्ट घातला होता.

मग माग थांबले.

अचानक लाइट गेली होती, वेळापत्रकाबाहेर. जायची कधीकधी. एकेक गाळा बंद पडत गेला आणि मी खुर्चीतून उठलो ते मला कळलंच नाही. गल्लीकडच्या खिडकीशी गेलो. समोरच्या गाळ्यातून तीन मुलं बाहेर आली. त्यांतल्या दोघांना मी ओळखत होतो, दुसऱ्या तुकडीतलीच. एकाने हात पॅन्टला पुसले, एकाने बोटांनी केस सारखे केले, पिंज झटकली. तिघं आमच्या फाटकाकडे निघाली. त्यांच्यामागून पुढच्या गाळ्यातूनही कोणी बाहेर पडताना दिसलं.

त्या वेळी मला काय हवं होतं, ते मी अजून सांगू शकत नाही. मुलं अर्ध्या वाटेवर होती. मी खिडकीत होतो. "या रे, पळत या" एवढं म्हटलं असतं तरी त्या शांततेत त्यांना ऐकू गेलं असतं. मी गजांना धरून उभा राहिलो.

एक माग सुरू झाला. मग दुसरा, मग सगळे. मागून हाक आली. दोघं वळली. तिसरा तिथेच थांबला, वर्गाकडे बघत. थोडा वेळ उभा होता. मग तोही गेला.

मी खुर्चीवर येऊन बसलो. पेपर उलटा धरलाय, हे शिपायाने दाखवून दिलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा प्राचार्य आणि मी व्हरांड्यात होतो. "शिकवतात छान हो," त्या म्हणाल्या. "पण मुलं कुठायत?"

"आज जरा कमी आहेत," मी म्हणालो. वाक्य तसं खरंच होतं.

कापडी पिशवीवाले गृहस्थ भले होते. निघताना म्हणाले, "पुन्हा दाखवायचं असेल तर आठवडाभरात कळवा. सकाळची वेळ ठेवू. आम्हाला काय, यायचंच आहे या बाजूला."

म्हणजे सगळं परत जुळवता आलं असतं. संध्याकाळी प्राचार्यांनी मला विचारलं, "बोलवायचं का त्यांना?"

मी म्हणालो, "नको सर. परत बोलावलं तर त्यांना उगाच संशय येईल. मग प्रवेशाचे आकडे काढत बसतील, बाकीच्या विभागांचेही. कशाला?"

प्राचार्य घाबरट होते. "तेही खरंच," म्हणाले.

दुपारची वेळ तोंडून निसटली असं मी स्वतःला सांगू शकतो, आणि अनेकदा सांगितलंही आहे. पण हे दुसरं बोलणं मी दिवसभर मनात जुळवलं होतं. कोणाला कशाची भीती वाटेल, हे धरून जुळवलं होतं.

तुकडी बंद झाली. मुलं पहिल्या तुकडीत घातली, बाकं सरकवून. पूर्णवेळ जागेची मागणी गेली नाही. त्याचे तास निम्म्यावर आले. तो आणखी दीड वर्ष राहिला. सकाळी आमच्याकडे, दुपारी कल्याणला, आठवड्यातून दोनदा आणखी कुठेतरी. एसटीच्या वेळांवर जगायचा. आणि मी? मी त्याच्याशी जास्त चांगलं वागायला लागलो. डब्यातलं द्यायचो. लग्न ठरलं तेव्हा आहेर जरा भारी केला.

लग्नानंतर एकदा तो माझ्या टेबलाशी आला. "सर, किती वर्षं असं चालेल? तुम्ही सांगाल तसं करतो." मी मान हलवत राहिलो. म्हटलं, "बघू काहीतरी."

आमची कशेळीकडची भातशेती तोवर भरावाखाली गेली होती. थोरल्या भावाने तिथे गोदामं बांधून भाड्याने दिली होती. तो सहावीत शाळा सोडलेला, आणि माझ्या नोकरीची चेष्टा करणं हा त्याचा रविवारचा कार्यक्रम. त्या आठवड्यातल्या रविवारी म्हणाला, "आपले भारोत्र्याला गोदामान लिवनारा-वाचनारा मानूस पायजे, इमानी. तुज्या कालेजान हाय का कोन? तुमचेकरं मास्तर जास्ती न काम कमी, असा आयकलाय मी."

"उलटं आहे दादा. काम जास्त, मास्तर कमी."

"मंग कमी हायत ते बी मोकले कसे फिरतान?"

मी माझ्या त्या विद्यार्थ्याचं नाव सुचवलं.

महिन्याभरात तो गोदामात लागला. ट्रक किती आले, माल किती उतरला, कुठे गेला, हे बघायचं. पगार दर महिन्याला, मे महिन्यातसुद्धा. तो पेढे घेऊन घरी आला, बायकोच्या पाया पडला, माझ्या पडायला वाकला तेव्हा मी मागे सरकलो आणि माझी खुर्ची पडली. "राहू दे, राहू दे," मी म्हणालो. "सर, तुम्ही नसतात तर मी अजून एसटीतच असतो," तो म्हणाला. बायको नंतर मला म्हणाली, "एवढा जीव लावणारा मुलगा, आणि तुम्ही त्याच्यासमोर धड बसतसुद्धा नाही."

दर शिक्षकदिनाला त्याचा फोन येतो. मागे ट्रकचे हॉर्न, हमालांच्या हाका. "सर, आशीर्वाद असू द्या." मी दोन वाक्यांत फोन आटपतो.

मध्यंतरी मी एका उजळणी वर्गाला गेलो होतो. तिथे एका वक्त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. आपल्या देशातल्या कॉलेज-विद्यापीठांतले विद्यार्थी आणि शिक्षक, पुष्कळ दशकांचे. विद्यार्थ्यांची रेघ वर वर गेलेली. शिक्षकांची आधी तिच्या बरोबरीने चढलेली, मग दमून आडवी झालेली. आणि त्या आडव्या रेघेतही, ते म्हणाले, कायमचे किती आणि तासावरचे किती, हे धड कोणी मोजलेलं नाही. सभागृहात हळहळ झाली. माझ्या शेजारचे म्हणाले, "सरकारी धोरणच तसं. आपण काय करणार?" मीही म्हणालो, "आपण काय करणार." आणि मला एकदम बरं वाटलं. कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. एवढी मोठी रेघ, सगळ्या देशाची, तिच्यात एका गावातली एक दुपार कुठे दिसतेय? ती दुपार नसती तरी रेघ तशीच राहिली असती.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते टिकलं. ताट हातात घेतलं आणि मनात आलं, रेघ तशीच राहिली असती, पण तो वर्गात असता. मी ताट तसंच ठेवून बाहेर गेलो आणि सुट्टी संपेपर्यंत आवारात चकरा मारत राहिलो.

त्याच्या मुलाच्या नामकरणाला आम्ही अकलोलीला गेलो होतो. त्याचे वडील, निवृत्त झालेले, दाराशीच हात धरून म्हणाले, "सर, तुमचा लय उपकार हाय. पोरगा मार्गी लागला. नायतर शिकून सवरून वाया गेला आसता." जेवणं झाल्यावर तो मला गरम पाण्याच्या कुंडांकडे घेऊन गेला. लहानपणापासून रोज पाय सोडून बसायचो सर, म्हणाला. तो आरामात पोटरीपर्यंत पाय सोडून बसला. मी पाय घातले आणि काढले. पुन्हा घातले, पुन्हा काढले.

"सवय लागते सर. हलवायचे नाहीत पाय. हलवले की जास्त चटका बसतो."

थोड्या वेळाने तो स्वतःहूनच बोलला. "सर, एक सांगू? त्या तपासणीचं. मी अजून विसरलो नाही."

मी पाय पुन्हा पाण्यात घातले.

"चूक माझी होती. वेळ दुपारची आहे हे कळल्यावर मी गाळ्यागाळ्यात गेलो. पण मालकांना भेटण्यात वेळ घालवला. पोरांच्या आयांना भेटायला पाहिजे होतं. आया म्हणाल्या असत्या तर पोरं सुटली असती. मला सुचलंच नाही. कधीकधी गोदामात बसलो ना, की तीच संध्याकाळ परत फिरतो मी. या गल्लीत आधी गेलो असतो तर, त्या घरी गेलो असतो तर."

तो हसला. "वेडेपणा आहे. बायको म्हणते, किती वर्षं तेच. पण तुम्ही माझ्यासाठी एवढं जमवून आणलं होतं, आणि मला वर्ग भरता आला नाही. तुमची मान खाली गेली प्राचार्यांसमोर. म्हणून वाईट वाटतं."

बोलायला याहून चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. आजूबाजूला कोणी नव्हतं, माग नव्हते, आवाज चढवायची गरज नव्हती. मी म्हणालो, "गरम आहे रे फार," आणि उठलो, आणि ओल्या पायांनीच चपला घातल्या.

गाडीत बायकोने विचारलं, "काय झालं?"

"पाणी बाधलं," मी म्हणालो.

आता विभागात पूर्णवेळ मी एकटा आहे. बाकी सगळे तासावरचे. यंदाच्या फोटोत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर दुसऱ्या विभागांची माणसं बसली, आणि मागची रांग इतकी लांबली की फोटोग्राफरला पायऱ्यांपर्यंत मागे सरकावं लागलं. वीज आता पूर्वीइतकी जात नाही. पण कधी गेली, माग थांबले, की माझा आवाज वर्गात एकदम मोठा होतो आणि मी वाक्य अर्धं सोडून खिडकीकडे बघतो. मुलांना ती माझी लकब वाटते. आपापसात नक्कलही करतात.

ती जागा मी त्याला देऊ शकत नाही. ती आता कुठेच नाही. पण त्या संध्याकाळी तो ज्या गल्ल्यांतून फिरला, तिथे तो अजून फिरतो आहे, आणि तिथून त्याला मीच बाहेर काढू शकतो. वेळ मी निवडली होती, मुलं येणार नाहीत हे माहीत असताना निवडली होती, आणि त्याची काहीही चूक नव्हती. हे त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे बघून सांगणं मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.